पुष्पिकेपासून फूटरपर्यंत : संकेतस्थळांच्या तळभागाच्या उपयोगसुलभतेचा इतिहास

प्रस्तावना

संकेतस्थळाच्या रचनेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा पृष्ठाच्या शिरोभागाकडे जाते. बोधचिन्ह, मुख्य सूची, शोधाची चौकट आणि एखादे मोठे छायाचित्र या गोष्टी तेथे असतात. पृष्ठाच्या तळाशी असणारा, संगणकीय व्यवहारात 'फूटर' या नावाने ओळखला जाणारा पट्टा मात्र उरल्यासुरल्या मजकुराची जागा समजला जातो. वस्तुतः संकेतस्थळाच्या ज्या भागाचे स्वरूप गेल्या तीन दशकांत सर्वाधिक पालटले, त्यांत या तळभागाची गणना करावी लागेल. १९९० च्या दशकात एका ओळीत मावणारा फूटर आज असंख्य संस्थांच्या संकेतस्थळांवर चार-पाच स्तंभांचा आणि कित्येक डझन दुव्यांचा झाला आहे.

हा विस्तार केवळ रचनाकारांच्या अभिरुचीतून घडलेला नाही. वाट चुकलेला वाचक, आपल्या सर्व विभागांना कोठेतरी जागा देऊ पाहणारी संस्था आणि काही निवेदने प्रकट करण्याची सक्ती करणारा कायदा असे तीन दावेदार या जागेवर वेळोवेळी हक्क सांगत आले. विस्तृत फूटर उपयोगी की निरुपयोगी, या प्रश्नाचे उत्तर या तिघांपैकी कोणाचा हक्क वरचढ ठरला यावर अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात या तळभागाचा ऐतिहासिक मागोवा याच दृष्टीने घेतला आहे.

पोथी आणि मुद्रण यांतील तळभाग

लिखित मजकुराच्या शेवटी त्याची ओळख सांगण्याची रीत संगणकाहून फार जुनी आहे. भारतीय हस्तलिखितांत ग्रंथाच्या किंवा अध्यायाच्या अखेरीस येणारी पुष्पिका ही तिचे परिचित उदाहरण होय. ग्रंथाचे नाव, लेखनिकाचे नाव, तिथी, स्थळ आणि पुष्कळदा पोथीला तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून जपावे अशी विनंती तीत आढळते. स्वामित्वहक्काच्या आजच्या रुक्ष ओळीची ही फारच नम्र पूर्वज म्हणावी लागेल. ज्ञानेश्वरीच्या अखेरीसही शके १२१२ हा काळ आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो. युरोपात १४५७ साली माइन्त्स येथे फुस्ट व शोफर यांनी छापलेल्या स्तोत्रग्रंथाच्या शेवटी मुद्रकांची नावे आणि मुद्रणाची तारीख दिलेली आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र शीर्षकपृष्ठाची प्रथा रूढ होऊ लागली, तशी ही माहिती ग्रंथाच्या शेवटाकडून आरंभाकडे सरकली.

पृष्ठाच्या तळाला आणखीही एक काम होते. पुढील पृष्ठाचा पहिला शब्द आधीच्या पृष्ठाच्या खाली छापण्याची पद्धत, तसेच फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी क्रमांक वा अक्षर देण्याची पद्धत ही बांधणी करणाऱ्याच्या सोयीसाठी होती. वाचकाचे तिच्याकडे लक्ष जावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पृष्ठाच्या तळाशी येणारा मजकूर नेहमी वाचकासाठीच असतो असे नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात या मजकुराला कायद्याचे बळ मिळाले ते १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी अधिनियमामुळे. प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, आणि प्रकाशन झाले असल्यास प्रकाशकाचे नाव व स्थळ, सुवाच्यपणे छापणे या अधिनियमाने बंधनकारक केले. मराठी वृत्तपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात येणारी 'हे पत्र अमुक यांनी अमुक येथे छापून प्रसिद्ध केले' अशा धर्तीची ओळ त्याचीच निष्पत्ती होय. नित्याचा वाचक ती ओळ वाचत नाही. तक्रार करावयाची असेल, नोटीस पाठवावयाची असेल किंवा खटला भरावयाचा असेल, तेव्हाच तिचे महत्त्व कळते. हा अधिनियम २०२३ च्या नियतकालिकविषयक नव्या अधिनियमाने रद्द झाला आणि नवी व्यवस्था १ मार्च २०२४ पासून अमलात आली. मात्र दीडशे वर्षांत रुजलेली तळओळीची सवय त्याआधीच संकेतस्थळांवर पोहोचली होती.

एका ओळीचा फूटर

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ साली मांडलेल्या प्रस्तावातून विश्वव्यापी जाल आकारास आले व १९९१ मध्ये ते बाहेरील जगास खुले झाले. आरंभीच्या लेखकांना बर्नर्स-ली यांनी जे मार्गदर्शन केले, त्यात आपल्या दस्तऐवजाखाली सही करावी असा स्पष्ट आग्रह होता. एचटीएमएल या मांडणीभाषेत लेखकाचा पत्ता देण्यासाठी स्वतंत्र खूण होती आणि ती पृष्ठाच्या आरंभी किंवा शेवटी वापरावी अशी अपेक्षा होती. येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेतर्फे १९९९ साली ग्रंथरूपाने आलेल्या लिंच आणि हॉर्टन यांच्या शैलीमार्गदर्शिकेनेही पृष्ठ कोणाचे, केव्हाचे आणि संपर्क कोठे साधावा हे तळाशी नोंदवावे असाच सल्ला दिला. हा फूटर म्हणजे सर्वार्थाने पुष्पिका होती.

दिशादर्शनासाठी तळाचा उपयोग सुरू झाला तो वेगळ्याच कारणाने. १९९० च्या दशकाच्या मध्यास पृष्ठाच्या वरच्या सूची चित्ररूपात तयार करण्याची लाट आली. एकाच मोठ्या चित्राचे निरनिराळे भाग निरनिराळ्या पृष्ठांकडे नेत असत. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ जोडणीवर ही चित्रे उतरण्यास पुष्कळ वेळ लागे आणि केवळ अक्षरे दाखविणाऱ्या ब्राउझरवर ती मुळी दिसतच नसत. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या स्वस्त 'शेल' खात्यांवर केवळ अक्षरेच दिसत. अशा खात्यावरून पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वरची सजविलेली सूची म्हणजे रिकामी जागा होती. म्हणून चित्रातील दुव्यांची साध्या अक्षरांतील पुनरावृत्ती पृष्ठाच्या तळाशी, उभ्या रेषांनी विलग केलेल्या एका ओळीत, देण्याचा प्रघात पडला. ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांनी, सर्व्हरवर चालणाऱ्या चित्रसूचीतील प्रत्येक भागासाठी अक्षररूप दुवा द्यावा ही अट प्रथम प्राधान्याची ठरविली.

विस्तृत फूटरचा खरा वंशवृक्ष येथून सुरू होतो. ज्याला वरची सूची दिसत नाही किंवा वापरता येत नाही, त्याच्यासाठी ठेवलेली ती दुसरी वाट होती. पुढच्या काळात हा हेतू पुष्कळसा विस्मृतीत गेला.

घडी आणि तिच्याखालचे जग

तळाशी काही महत्त्वाचे ठेवू नये, हा त्या काळातील तज्ज्ञांचा ठाम समज होता. मोठ्या आकाराचे वृत्तपत्र घडी घालून विक्रीस ठेवले जाते. त्यामुळे घडीच्या वरचा मजकूर तेवढा गिऱ्हाइकास दिसतो. ही कल्पना संगणकाच्या पडद्यास लावण्यात आली. उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९६ साली संकेतस्थळांच्या दहा प्रमुख चुकांची यादी दिली, तीत लांबलचक पृष्ठांचा समावेश होता आणि पडद्यावर प्रथम दिसणाऱ्या भागाच्या खाली केवळ १० टक्के वाचक जातात असे म्हटले होते. पुढच्याच वर्षी, १९९७ च्या अखेरीस, त्यांनी स्वतःच ही भूमिका सौम्य केली, कारण वाचक पृष्ठ सरकविण्यास सरावले होते. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाक असलेला माउस बाजारात आणला होता. त्यानंतर सरकपट्टी पकडून ओढण्याचे कष्ट हळूहळू कमी झाले. २००७ मध्ये आयफोन आल्यावर बोटाने पृष्ठ वर ढकलणे ही वाचनाची स्वाभाविक हालचालच बनली.

निल्सन यांनी २०१० मध्ये दिलेल्या मोजणीनुसार वाचकांच्या पाहण्याच्या एकूण वेळेपैकी सुमारे ८० टक्के वेळ घडीच्या वर खर्च होत होता. त्यांच्याच संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हे प्रमाण ५७ टक्क्यांवर आले. या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. वाचक खाली जाऊ लागला, हे खरे; परंतु तळाशी पोहोचणारा वाचक दोन परस्परविरुद्ध प्रकारचा असतो. एकाने मजकूर पूर्ण वाचलेला असतो व त्याला पुढे कोठे जावे हे हवे असते. दुसऱ्याला वर काहीच सापडलेले नसते आणि तो शेवटचा प्रयत्न म्हणून खाली उतरलेला असतो. सरासरी आकडेवारीत हे दोघे वेगळे दिसत नाहीत, आणि फूटरची उपयोगिता मोजताना नेमकी तीच अडचण येते: थोडे लोक वापरतात म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, कारण त्या थोड्यांना दुसरा उपाय उरलेला नसतो.

विस्तार आणि मानकातील बदल

२००५ च्या सुमारास फूटर झपाट्याने वाढू लागला. याची एक बाजू वाचकाची होती. शोधयंत्रामुळे वाचक मुखपृष्ठातून न येता थेट एखाद्या आतल्या पृष्ठावर उतरू लागला. त्याला संकेतस्थळाचा एकंदर आवाका ठाऊक नसे. पूर्वी स्वतंत्र पृष्ठावर असणारा स्थलनकाशा संक्षिप्त रूपात प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी आणणे हा त्यावरचा सयुक्तिक उपाय होता. दुसरी बाजू उत्पादनाची होती. संकेतस्थळे साच्यांवर आधारलेली झाल्यावर फूटर एकदाच लिहावा लागे आणि तो हजारो पृष्ठांवर आपोआप उमटे. त्यात एक दुवा वाढविण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला. वर जागा मिळावी म्हणून भांडणाऱ्या विभागाला खाली जागा देऊन समेट घडविणे कोणत्याही संस्थेस सोपे गेले. वाचकाला द्यावयाच्या नकाशात संस्थेच्या अंतर्गत तहाची कलमे मिसळली, आणि विस्तृत फूटरच्या दोषांपैकी बहुतेकांचे मूळ येथेच आहे.

गूगलने डिसेंबर २००५ मध्ये शंभर कोटींहून अधिक दस्तऐवजांची पाहणी करून लेखक आपल्या पृष्ठभागांना कोणती नावे देतात हे तपासले. वर्गनामांत 'फूटर' हे नाव सर्वांत प्रचलित आढळले. त्या पाहणीशी संबंधित असलेले इयन हिक्सन हेच एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीचे संपादक होते, आणि त्या आवृत्तीत फूटरसाठी स्वतंत्र खूण समाविष्ट झाली. लोकव्यवहारातून शब्द कोशात जावा तसे हे घडले. परंतु मानकाच्या मसुद्यात या खुणेची कल्पना जुन्या एकओळी फूटरवर बेतलेली होती. तिच्यात शीर्षके किंवा दिशादर्शक सूची यांना मज्जाव होता. शीर्षके असलेल्या स्तंभांचा फूटर तोवर सर्वत्र रूढ झाल्याने ही व्याख्या वास्तवाशी जुळेना. २००९ मध्ये जेफ्री झेल्डमन, जेरेमी कीथ, एरिक मायर, इथन मार्कॉट आदी रचनाकारांच्या गटाने हा आक्षेप जाहीरपणे नोंदविला आणि व्याख्या बदलण्यात आली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अंतिम शिफारस म्हणून मान्य झालेल्या मानकात विस्तृत फूटरला अधिकृत स्थान मिळाले होते.

याच काळात फूटरचा एक दुरुपयोगही बोकाळला. शोधयंत्रे दुव्यांच्या संख्येवरून पृष्ठाचे महत्त्व ठरवितात हे जाणून, वाचकासाठी नव्हे तर यंत्रासाठी दुवे तळाशी कोंबले जाऊ लागले. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' या नावाने ओळखला गेलेला बदल अमलात आणून कृत्रिम दुव्यांवर कारवाई केली. अनेक संकेतस्थळांच्या फूटरमध्ये पसरविलेले दुवे हा गैरप्रकार असल्याचे तिच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.

प्रकट करणे आणि सापडू देणे

कायद्याने फूटरवर सांगितलेला हक्क अधिक गुंतागुंतीचा आहे. कॅलिफोर्निया राज्याचा १ जुलै २००४ पासून अमलात आलेला कायदा व्यक्तिगत माहिती गोळा करणाऱ्या संकेतस्थळांना आपले खासगीपणाविषयीचे धोरण ठळकपणे उपलब्ध करण्यास सांगतो. गूगलच्या मुखपृष्ठावर मात्र असा दुवा नव्हता आणि त्यावरून २००८ मध्ये टीका झाली. मुखपृष्ठावरील शब्दसंख्या २८ च्या वर जाऊ नये असा कंपनीचा कटाक्ष होता. जुलै २००८ मध्ये तळाच्या स्वामित्वहक्काच्या ओळीतील कंपनीचे नाव काढून तेथे 'प्रायव्हसी' हा शब्द घालण्यात आला व संख्या २८ च राहिली. एका शब्दासाठी एवढा खल झाला, यावरून तळाची जागाही किती मोलाची मानली जात होती हे दिसते. इतर बहुतेक संस्थांनी असा कोणताही संयम पाळला नाही.

जर्मनीत व्यावसायिक संकेतस्थळाने आपले नाव, पत्ता व संपर्क सहज ओळखता येईल आणि थेट गाठता येईल अशा रीतीने देणे कायद्याने आवश्यक आहे. मुद्रित प्रकाशनांवरील मुद्रणओळीचेच नाव या निवेदनालाही आहे. 'संपर्क' या दुव्यावरून 'मुद्रणओळ' या दुव्यावर, अशा दोन टप्प्यांत ती माहिती मिळाली तर कायद्याची पूर्तता होते काय, हा प्रश्न जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे आला. २० जुलै २००६ रोजी न्यायालयाने ते पुरेसे असल्याचा निर्णय दिला. उपयोगसुलभतेच्या इतिहासात या निर्णयाचा उल्लेख क्वचितच केला जातो, परंतु त्याचे महत्त्व मोठे आहे. माहिती प्रकट आहे की नाही एवढेच न विचारता ती किती पावलांवर आहे हे न्यायालयाने तपासले.

दरम्यान, ज्याला तळच नाही असे पृष्ठही अस्तित्वात आले. २००६ मध्ये एझा रास्किन यांनी मांडलेल्या अखंड सरकणीत वाचक खाली जाईल तसतसा नवा मजकूर भरला जातो. अशा पृष्ठावर फूटर असला तरी तो हाती लागत नाही; दिसू लागताच मजकूर वाढतो आणि तो खाली ढकलला जातो. संपर्क किंवा तक्रारीचा दुवा शोधणाऱ्यास हा अनुभव मृगजळासारखा असतो. गूगलने शोधनिकालांसाठी २०२१ मध्ये मोबाइलवर आणि २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत संगणकावर ही पद्धत आणली; २०२४ मध्ये ती मागे घेऊन पृष्ठक्रमांक पुन्हा आणण्यात आले.

ऐकणारा वाचक

पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने संकेतस्थळ ऐकणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला घडीच्या वर आणि खाली हा भेद नसतो. तिच्यासाठी पृष्ठ ही एक ओळीने चालणारी रांग असते. मोठ्या पृष्ठावर काही शोधताना असे बहुसंख्य वाचक शीर्षकांवरून शीर्षकांवर उड्या घेतात, हे वेबएम या संस्थेच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणून स्तंभांना खरी शीर्षके असलेला विस्तृत फूटर त्यांना उपकारक ठरतो. शीर्षकांऐवजी केवळ ठळक अक्षरे वापरलेला, पन्नास दुव्यांचा फूटर मात्र सलग ऐकावा लागतो. डोळसाच्या नजरेला दोन्ही फूटर तंतोतंत सारखे दिसतात. मार्च २०१४ मध्ये मान्य झालेल्या मानकाने तळभागाला यंत्रास ओळखता येईल अशी खूण दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या सुगम्यतेच्या २.२ या आवृत्तीने मदतीची साधने दिलेली असल्यास ती सर्व पृष्ठांवर त्याच क्रमाने असावीत असा निकष घातला. फूटर दर पृष्ठावर तोच असणे हे सामान्यतः कंटाळवाणे मानले जाते. ऐकणाऱ्या वाचकाचा आधार तोच आहे.

भारतीय संदर्भ

भारतात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये आल्या. संकेतस्थळाचे स्वामित्व, संपर्क, धोरणे, स्थलनकाशा आणि शेवटच्या अद्ययावततेची तारीख यांविषयी त्यांत तपशीलवार अपेक्षा आहेत. या सर्वांना सामावून घेणारी जागा म्हणून फूटर पुढे आला. महाविद्यालयांच्या बाबतीत मूल्यांकनासाठी लागणारे वार्षिक गुणवत्ता अहवाल, विविध समित्या आणि तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना आवश्यक असलेले अनिवार्य प्रकटीकरण यांची भर पडली. परिणामी, मूल्यांकन समितीला हवा असलेला दुवा आणि विद्यार्थ्याला हवा असलेला परीक्षा अर्जाचा, शिष्यवृत्तीचा किंवा तक्रार निवारणाचा दुवा एकाच स्तंभात, एकाच आकाराच्या अक्षरांत येतात. मोबाइलवर हे स्तंभ एकाखाली एक रचले जातात आणि फूटर दोन-तीन पडद्यांएवढा लांब होतो. किंवा जागा वाचविण्यासाठी ते मिटविले जातात आणि केवळ शीर्षके उरतात. तेव्हा त्या शीर्षकांतील शब्दांवर सारे काही अवलंबून असते. 'विद्यार्थी कक्ष', 'महत्त्वाचे दुवे', 'इतर' यांपैकी शिष्यवृत्ती कोठे असेल, हे ज्याने फूटर लिहिला त्यालाच ठाऊक असते.

कलम ४ केवळ प्रसिद्धीवर थांबत नाही. माहिती जनतेस सहज उपलब्ध होईल अशा स्वरूपात द्यावी आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असे त्याच्या पोटकलमांत म्हटले आहे. मराठी संकेतस्थळांच्या संदर्भात या तरतुदीची कसोटी फूटरमध्येच लागते. साचा बहुधा इंग्रजीत बनविलेला असतो. मुख्य मजकुराचे आणि वरच्या सूचीचे भाषांतर होते, तळाचे स्तंभ पुष्कळदा तसेच राहतात. माहिती अधिकारी, अपिलीय प्राधिकारी आणि तक्रार नोंदणी यांचे दुवे नेमके तेथे असतात. अद्ययावततेच्या तारखेचीही तीच गत होते. पोथीच्या लेखनिकाने नोंदविलेली तिथी लेखन संपल्याची असे. काही फूटरमधील तारीख मात्र संगणक त्या-त्या दिवसाप्रमाणे आपोआप भरतो, मग वरचा मजकूर तीन वर्षांपूर्वीचा का असेना.